दुप्पट प्रकाशाची कैफियत

फुजीफिल्मच्या मिररलेस कॅमेऱ्यांसाठी ३५ मिलिमीटर नाभ्यंतराची जी दोन वेगवान भिंगे गेली अनेक वर्षे शेजारी शेजारी नांदत आहेत, त्यांपैकी एफ २ चे घ्यावे आणि एफ १.४ च्या नादी लागू नये, असा निवाडा हौशी प्रकाशचित्रकारांच्या बैठकींतून हल्ली इतक्या निःशंकपणे दिला जातो की, नवा कॅमेरा घेतलेल्या मनुष्याने आपली गरज काय हे सांगण्यापूर्वीच तो हुकूमनामा त्याच्या हाती पडलेला असतो. माझे एक स्नेही, जे या विद्येत माझ्याहून वडील असून भिंगांच्या बाबतीत ज्यांचा शब्द आमच्या मंडळींत सहसा कोणी खाली पडू देत नाही, त्यांनी परवा हाच निवाडा सविस्तर कारणे देऊन सुनावला, आणि आजच्या काळात एफ १.४ चे भिंग घेणे म्हणजे घरात विजेचे दिवे आल्यावरही मशालजी पदरी बाळगण्यासारखे आहे, असा दृष्टांत शेवटी दिला. दृष्टांतावर हशा पिकला, आणि हशा पिकला म्हणजे सिद्धान्त ठरला असे मानण्याची आपल्याकडे जुनी वहिवाट असल्यामुळे वाद तेथेच मिटल्यासारखा झाला. मला तो मिटलेला वाटत नाही. स्नेह्यांची सगळीच कारणे पोकळ आहेत असे नव्हे. त्यांतील दोन खरी आहेत आणि ती मी पुढे विनातक्रार कबूल करणार आहे. पण ज्या मुख्य कारणाच्या बळावर हा निवाडा उभा आहे ते पहिल्याच प्रश्नाला कोसळते, आणि ते कोसळल्यावर उरलेल्या कारणांनी जे सिद्ध होते ते त्यांच्या निष्कर्षाहून फारच लहान आहे.

प्रथम वादातील दोन्ही पक्षकारांची ओळख करून घेऊ. एफ १.४ चे भिंग २०१२ साली एक्स-प्रो१ या कॅमेऱ्याबरोबर, १८ मिलिमीटर आणि ६० मिलिमीटर या आपल्या दोन भावंडांसह आले. सहा गटांत आठ काचा, वजन १८७ ग्रॅम, फिल्टरचा व्यास ५२ मिलिमीटर. एफ २ चे भिंग २०१५ च्या अखेरीस आले. गट सहाच पण काचा नऊ, वजन १७० ग्रॅम, फिल्टर ४३ मिलिमीटरचा, आणि सांध्यासांध्यांत पाण्याला व धुळीला अटकाव करणारा बंदोबस्त. संवेदक एपीएस-सी मापाचा असल्यामुळे दोन्हींतून दिसणारा देखावा जुन्या पूर्ण चौकटीवरील सुमारे ५३ मिलिमीटरच्या भिंगातून दिसावा तसा, म्हणजे ना विस्तृत ना दूरदर्शी, असा दिसतो. नाभ्यंतर एक, माउंट एक, घडवणारी कंपनी एक, वजनातील तफावत अवघी १७ ग्रॅम. तेव्हा तंटा काय तो एका स्टॉपचा आणि आतल्या यंत्रणेचा आहे. तो स्टॉप म्हणजे प्रत्यक्षात काय हे ज्याला पाहायचे असेल त्याने दोन्ही भिंगे पूर्ण उघडून समोरून त्यांच्यात डोकावावे : एकात २५ मिलिमीटर व्यासाचे तेजस्वी वर्तुळ दिसेल, दुसऱ्यात साडेसतराचे. व्यासाचा वर्ग केला की क्षेत्रफळ दुप्पट भरते, आणि त्या दुप्पट दारातून एकाच क्षणी दुप्पट प्रकाश आत येतो. यापलीकडे या आकड्यांत गूढ असे काही नाही, आणि माझी सारी कैफियत एवढ्यावरच आधारलेली आहे.

आता स्नेह्यांचे मुख्य कारण. ते म्हणतात, फिल्मच्या जमान्यात एकदा ४०० आयएसओचे रीळ भरले म्हणजे छत्तीस चित्रे संपेपर्यंत मनुष्य त्याला बांधलेला असे, आणि त्याहून वेगवान रीळ घ्यावे तर चित्रभर ठसठशीत कण उमटत. तेव्हा भिंगाच्या एका स्टॉपला मोल होते. आजचा संवेदक ३२०० आयएसओला, प्रसंगी ६४०० लाही, समाधानकारक चित्र देतो, आणि जे कण उरतात ते संगणकप्रणाली पुसून टाकते. मग एका स्टॉपसाठी जुने, सावकाश आणि पाण्याला भिणारे भिंग कशाला घ्यावे?

ऐकताना हे बिनतोड वाटते. परंतु संवेदक कॅमेऱ्यात असतो, भिंगात नव्हे, ही साधी गोष्ट या युक्तिवादाच्या भरात नजरेआड झाली आहे. संवेदकाची सुधारलेली शक्ती दोन्ही भिंगांच्या वाट्याला सारखीच येते. आयएसओ वाढवण्याची जी मुभा एफ २ वाल्याला आहे तीच, तितकीच आणि त्याच अटींवर एफ १.४ वाल्यालाही आहे. जी सोय उभयपक्षी समान आहे ती एकाच्याच खात्यावर जमा दाखवून दुसऱ्याला नादार ठरवणे हा हिशेब कोणत्याही कचेरीत मंजूर व्हायचा नाही. शिवाय संवेदक सुधारल्यामुळे एफ १.४ अनावश्यक ठरत असेल तर त्याच न्यायाने एफ २ देखील अनावश्यक ठरते, त्यामागोमाग एफ २.८ ही, आणि अखेरीस कॅमेऱ्याच्या खोक्यात येणारे साधे झूम घेऊन सर्वांनी सुखाने घरी जावे हाच उपदेश उरतो. स्नेही स्वतः तसे करीत नाहीत. ते एफ २ पाशी येऊन थांबतात, आणि नेमके तेथेच का थांबावे याचे कारण त्यांच्या विवेचनात शोधूनही सापडत नाही. एफ ४ चे भिंग त्यांना स्वतःला का पुरत नाही, याचे जे उत्तर ते देतील तेच उत्तर मी त्यांना एफ २ विषयी देईन.

आयएसओचा आकडा वाढवला म्हणजे प्रकाश वाढतो, असा एक समज या युक्तिवादाच्या मुळाशी दडलेला असतो, त्याचाही येथेच निकाल लावलेला बरा. आकडा वाढवल्याने प्रकाश तसूभरही वाढत नाही; जेवढा आत आला तेवढ्याचाच संकेत मोठा करून दाखवला जातो. प्रकाश कणाकणांनी येतो, आणि उजेड मंद असला म्हणजे त्या कणांच्या येण्यात स्वभावतःच अनियमितपणा असतो. काळोख्या चित्रांत जो रखरखीतपणा दिसतो तो पुष्कळ अंशी या अनियमितपणाचीच नोंद असून त्याचे सारे खापर संवेदकावर फोडणे हा त्या बिचाऱ्यावर अन्याय आहे. आत येणारा प्रकाश दुप्पट झाला की खऱ्या संकेताचे या रखरखीशी असलेले प्रमाण सुमारे १.४ पटीने सुधारते, आणि ही सुधारणा दहा वर्षांपूर्वीच्या संवेदकावर जशी होते तशीच उद्या निघणाऱ्या संवेदकावरही होईल, कारण ती प्रकाशाच्या स्वभावातून येते. राहिली ती कण पुसणारी प्रणाली. तिची करामत मी नाकारीत नाही, पण ती अनुमानाने चालते : येथे बहुधा त्वचा असावी, येथे बहुधा सुती कापड असावे, असे ताडून ती रिकाम्या जागा भरते, आणि पुष्कळदा ते अनुमान इतके गुळगुळीत असते की सत्तरीच्या आजीबाईंच्या गालावर तिशीतली कांती येते. तरीही तो दोष क्षम्य मानू. हललेला हात मात्र तिला स्थिर करता येत नाही, आणि खरा मुद्दा तेथे आहे.

तळकोकणात हिवाळ्यातल्या जत्रेच्या रात्री दशावतारी नाटक उभे राहण्यापूर्वी देवळाच्या पडवीत त्या मंडळींचा जो रंगपट थाटलेला असतो, तो ज्याने पाहिला आहे त्याला मी काय म्हणतो ते लगेच उमगेल. चटईवर मांडी घालून नट बसलेला, समोर उघडा पेटारा, डाव्या हातात तळव्याएवढा आरसा, उजव्या हातात काजळाची काडी, आणि वर दांडीला टांगलेला एकच दिवा, ज्याच्या उजेडात पेटाऱ्यातील रंगांच्या डब्या ओळखू येतात पण त्यांची झाकणे कोणती कोणाची हे चाचपूनच ठरवावे लागते. स्त्रीभूमिका करणाऱ्या त्या नटाची एक भुवई रेखून झाली आहे, दुसरी अजून पुरुषाचीच आहे. चेहऱ्याचा अर्धा भाग द्रौपदीचा आणि अर्धा गावातल्या शेतकऱ्याचा, असा तो विलक्षण क्षण काडीच्या तीनचार फटकाऱ्यांत संपून जाणार असतो. अशा उजेडात १६०० आयएसओवर एफ १.४ ने सेकंदाचा १२५ वा भाग मिळतो. एफ २ ने ६० वा. साठाव्या भागात मनुष्याचा चेहरा बहुधा स्थिर राहतो, पण भुवई रेखणाऱ्या बोटांची टोके आणि ती काडी यांची दुहेरी रेघ उमटते, म्हणजे ज्यासाठी चित्र घ्यायचे तेवढेच नेमके वाया जाते. स्नेही म्हणतील, मग ३२०० करा. अवश्य करावे, पण ३२०० करताच एफ १.४ वाला २५० व्या भागाला जाऊन पोहोचतो, आणि दोघांतील अंतर जसेच्या तसे राहते. आयएसओच्या जिन्यावर कितीही पायऱ्या चढा, हा मनुष्य तुमच्या एक पायरी पुढेच उभा असतो. फ्लॅश का नको, असेही कोणी विचारील. कारण फ्लॅश मारला की तो दिवा मरतो, पडवी मरते, नटाचे डोळे मिटतात, आणि ज्याच्या घरात आपण न बोलावता शिरलो आहोत त्याच्या तोंडावर उजेडाचा फटका मारण्याचा उद्धटपणा पदरी येतो तो वेगळाच.

मिररलेस कॅमेऱ्यात याला आणखी एक जोड आहे, जिचा उल्लेख मला या वादात क्वचितच ऐकू आला. जुन्या आरशाच्या कॅमेऱ्यात डोळ्याला काचेतून आलेला प्रत्यक्ष प्रकाश दिसे. येथे शोधकात दिसते ते संवेदकाने पाहून आपल्याला कळवलेले दृश्य. भिंग जेवढा प्रकाश आत सोडील तेवढ्यावरच हे कळवणे चालते; तेव्हा अंधाऱ्या जागी उघड्या तोंडाचे भिंग लावले असता शोधकातील चित्र कमी खरबरीत दिसते आणि नटाने मान वळवली की नाही हे वेळेवर कळते. हा लाभ चित्रात मोजता येत नाही, पण चित्र घेताना तो डोळ्याला सतत जाणवतो.

वेगवान भिंगाचा जन्मच मुळी या कामासाठी झाला, याचा इतिहासात चांगला दाखला आहे. १९२४ साली ड्रेस्डेनच्या एर्नेमान कारखान्याने एर्मानॉक्स नावाचा लहानसा काचपट्टीचा कॅमेरा काढला आणि त्याला लुडविग बेर्टेले या तरुण रचनाकाराचे एर्नोस्टार भिंग बसवले. त्याचे तोंड प्रथम एफ २ आणि लवकरच एफ १.८ इतके रुंद होते, जे त्या काळच्या मानाने अचाटच म्हटले पाहिजे. एरिख सालोमोन हा बर्लिनचा कायद्याचा पदवीधर तो कॅमेरा घेऊन, जेथे छायाचित्रणाला मज्जाव होता अशा न्यायालयांत आणि जेथे ते अशक्य समजले जाई अशा राजनैतिक परिषदांच्या दालनांत शिरला. १९३० च्या जानेवारीत हेग येथील परिषदेत उत्तररात्री खुर्च्यांत पेंगुळलेले मंत्री त्याने जसे टिपले, तसे मुत्सद्द्यांना त्यापूर्वी क्वचितच कोणी पाहिले असेल. सालोमोनच्या चित्रांतील पार्श्वभूमी कशी विरघळली आहे याची चर्चा कोणी करीत नाही. त्याला ती विरघळवायची नव्हतीच. खोलीत जेवढे दिवे होते तेवढ्यांत, मॅग्नेशियमचा धूर न काढता, माणसे जशी होती तशी राहत असतानाच्या त्या एका अपूर्णांश सेकंदात पट्टीवर पुरेसा प्रकाश पोहोचावा, एवढीच त्याची गरज होती. रुंद तोंडाच्या भिंगाकडून वेळ विकत घ्यायचा असतो, हे त्याने जेवढ्या स्पष्टपणे ओळखले तेवढे आजच्या पुष्कळ खरेदीदारांनी ओळखलेले नाही.

दुसरा आक्षेप खोलीचा, म्हणजे चित्रात पुढून मागपर्यंत जेवढा पट्टा स्पष्ट राहतो त्याचा. स्नेही म्हणतात, एफ १.४ उघडले की एक डोळा स्पष्ट आणि दुसरा धूसर, नाक वेगळ्याच प्रांतात. मग झक मारत एफ २ किंवा २.८ वर यावेच लागते, आणि पैसे मोजून घेतलेला स्टॉप पेटीतच राहतो. हा हिशेब त्यांनी एका मीटरवर केला आहे. तेथे तो खरा आहे : रूढ मापाने, म्हणजे ०.०२ मिलिमीटरचे धूसरवर्तुळ चालवून घेतले तर, एका मीटरवर एफ १.४ ची खोली सुमारे साडेचार सेंटिमीटर भरते आणि एफ २ ची साडेसहा. पण माणसे काय नेहमी एक मीटरवरूनच पाहायची असतात? दोन मीटरवर तीच खोली १८ सेंटिमीटरच्या घरात जाते. तीन मीटरवर सुमारे ४० सेंटिमीटर होते, आणि तीन मीटरवर या भिंगाची चौकट दोन मीटर रुंद असते, म्हणजे चौघेजण खांद्याला खांदा लावून तीत मावतात आणि ते ढोबळपणे एका रेषेत असतील तर चौघेही स्पष्ट येतात. खोली अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते ही गोष्ट आक्षेपकाला ठाऊक नसेल असे नाही. चेहऱ्याच्या चित्रांची सवय जडल्यामुळे खोलीभर पसरलेल्या माणसांचा त्याला विसर पडतो, इतकेच. रंगपटातला तो नट माझ्यापासून दोन मीटरवर होता, आणि १८ सेंटिमीटरांत त्याचा चेहरा, हात, आरसा यांपैकी चेहरा व हात निर्वेध बसत होते. आरसा थोडा सुटला, त्याचे मला दुःख नाही.

येथे मला माझ्याच पक्षातील काही मंडळींची हजेरी घेणे प्राप्त आहे, कारण प्रतिपक्षाने केली नसेल एवढी हानी या भिंगाची त्यांनी केली आहे. या मंडळींच्या मते एफ १.४ च्या भिंगात जादू आहे. काय जादू आहे असे विचारले तर ती शब्दांत सांगता येत नाही. सांगता येत नाही म्हणूनच ती जादू, असे वर उत्तर मिळते. वास्तविक जे दिसते त्याला सरळ कारण आहे. पूर्ण उघड्या तोंडाशी या भिंगात थोडे गोलीय विपथन शिल्लक राहते, म्हणजे काठाजवळून आलेले किरण आणि मध्यातून आलेले किरण नेमके एकाच बिंदूत मिळत नाहीत. त्यामुळे उजळ जागांभोवती एक सौम्य झाक येते, विरोध किंचित मंदावतो आणि चेहरा मऊ दिसतो. तोंड एफ २.८ पर्यंत आवळले की ती झाक निघून जाते, आणि तीबरोबर जादूही. असल्या दोषांची शिस्तवार मांडणी जर्मनीत फिलिप लुडविग फॉन झाइडेल याने १८५० च्या दशकातच करून ठेवलेली आहे. त्यात मंत्रतंत्राला जागा ठेवलेली नाही. ती झाक कोणाला प्रिय असेल तर माझी ना नाही, मलाही ती कधीकधी आवडते. पण तिच्यापायी जो मनुष्य भर दुपारी, बागेतल्या एकाच फुलामागे हिरवा लगदा उमटवण्यासाठी एफ १.४ वापरतो आणि त्यालाच त्या भिंगाचे सार्थक समजतो, तो स्नेह्यांच्या हाती आयता पुरावा देतो; त्याला पाहूनच त्यांना मशालजी आठवला असल्यास नवल नाही.

आता त्या दोन खऱ्या कारणांकडे येतो. पहिले फोकसचे. जुन्या भिंगात फोकस साधताना काचांचा सगळाच संच पुढेमागे सरकतो. तो जड संच लहानशा मोटरीला ओढावा लागतो, आणि तिची घरघर शांत खोलीत शेजारच्या मनुष्याला ऐकू जाते. नव्या भिंगात आतला हलका गट तेवढा स्टेपिंग मोटरीवर सरकतो, आवाज जवळजवळ होत नाही आणि फोकस झटकन बसतो. नव्या बॉडींनी आणि फर्मवेअरच्या सुधारणांनी जुन्याची चाल बरीच सावरली असली तरी दोघांची बरोबरी झालेली नाही, आणि ती होणारही नाही, कारण जड वस्तू हलक्या वस्तूपेक्षा सावकाशच हलते. तेव्हा चलच्चित्र घेणाऱ्याने, ज्याच्या ध्वनिमुद्रणात ती घरघर उमटेल, एफ २ घ्यावे. अंगणातून आपल्या रोखाने धावत येणाऱ्या पोराच्या मागे लागणाऱ्यानेही एफ २ च घ्यावे. याला माझ्याकडे उत्तर नाही आणि मी ते शोधण्याचा आव आणणार नाही. परंतु फोकसला लागणारा वेळ हा शटर उघडण्यापूर्वीचा वेळ आहे. नट जागचा हलत नाही, कीर्तनकार आपल्या वीतभर जागेत उभा असतो, ओटीवर पत्ते खेळणारी माणसे तासभर तेथेच असतात. अशा ठिकाणी फोकस एकदा साधून तो तसाच धरून ठेवता येतो आणि मग वाट पाहायची ती हाताच्या, डोळ्याच्या, ओठाच्या हालचालीची. पूर्वीचा वेळ अशा रीतीने अगोदर खर्चून टाकता येतो. शटर उघडे असतानाच्या वेळेला ही सवलत नाही. तेथे जो स्टॉप कमी पडला तो कमीच पडला.

दुसरे खरे कारण पावसाचे. आषाढात वारीबरोबर चालणाऱ्याला, किंवा भाद्रपदातल्या विसर्जनात भिजत उभे राहणाऱ्याला, सांधे बंद केलेले भिंग हा मोठाच दिलासा आहे. मात्र येथे विक्रेत्याने सहसा न सांगितलेली एक अट आहे. भिंगाइतकीच बॉडीही पाण्याला अटकाव करणारी असली पाहिजे. एक्स-ई मालिकेचे कॅमेरे किंवा एक्स-टी३० हे तसे नाहीत, आणि नवा मनुष्य बहुधा याच स्वस्त बॉडींपैकी एक घेऊन आलेला असतो. त्याला पावसाच्या नावाखाली एफ २ घ्यायला लावणे म्हणजे दाराला कुलूप घालून खिडकी उघडी ठेवायला सांगणे होय. ज्याच्यापाशी योग्य बॉडी आहे त्याची गोष्ट निराळी. पण त्याच्यासाठीही पाऊस चार महिन्यांचा असतो आणि अंधार बारा महिने रोज संध्याकाळी येतो.

एक आरोप मात्र माझ्या बाजूकडून वारंवार होतो आणि तो करायला मी तयार नाही. एफ २ च्या भिंगातून आलेल्या मूळ चित्रात सरळ रेषा कडेला बाहेर फुगतात आणि कॅमेरा त्या गणिताने सरळ करतो; एफ १.४ ची जुन्या वळणाची, मध्यछिद्राच्या दोन्ही अंगांना जवळजवळ सममित अशी रचना हे काम काचेनेच उरकते. यावरून काही सोवळी मंडळी एफ २ ला लबाड ठरवतात. कोपऱ्यांत थोडे ताणले जाण्याने किंचित बारकावा उतरतो हे खरे. परंतु वाड्याची तुळई छापील चित्रात सरळ आली असेल तर ती काचेने सरळ केली की गणिताने, याची चौकशी करणारा मनुष्य चित्र पाहत नाही, पंचनामा करतो. शिवाय एफ २ चे तोंड निमुळते आहे, त्यामुळे एक्स-प्रोच्या प्रकाशीय शोधकात ते कमी आड येते. उलट एफ १.४ च्या चौकोनी धातूच्या हूडवर बसणारी ती रबरी टोपी तर अशी बेइमान आहे की, ती अजून हरवली नाही असा मालक विरळाच. मला कोणत्याही भिंगाची आरती ओवाळायची नाही.

मग २०२१ साली आलेले ३३ मिलिमीटरचे एफ १.४ का नाही, ज्यात प्रकाशही आहे, वेगही आहे आणि पावसापासून संरक्षणही आहे? ते उत्तम आहे. त्यात १५ काचा आहेत आणि त्याचे वजन ३६० ग्रॅम आहे, म्हणजे जुन्याच्या जवळजवळ दुप्पट. रात्रभर हातात कॅमेरा धरून पडवीच्या कोपऱ्यात उकिडवे बसण्याची ज्याला सवय आहे त्याने हा आकडा मनगटाला विचारून घ्यावा. ज्याला वजनाची आणि पैशाची फिकीर नाही त्याने ते खुशाल घ्यावे. आमच्या वादात ते साक्षीदार म्हणून आले तर माझ्याच बाजूने बोलेल, कारण कंपनीने नवे भिंग घडवताना यंत्रणा बदलली, काचा वाढवल्या, वजन वाढवले, पण एफ १.४ सोडले नाही. संवेदक इतके सुधारले असताना तो स्टॉप तिने कशासाठी राखला, हे स्नेह्यांनी एकदा समजावून सांगावे.

राहता राहिली किंमत. दोन्ही भिंगे प्रथम बाजारात आली तेव्हा अमेरिकेत जुन्याची किंमत ५९९ डॉलर होती आणि नव्याची ३९९. आपल्याकडेही नवे तेवढेच हलके पडते. वाचलेल्या पैशात भर घालून त्याच घाटाचे २३ मिलिमीटरचे एफ २ घ्यावे, म्हणजे प्रवासाला, रस्त्याला आणि पावसाला अशी सुरेख जोडी होते, हे स्नेह्यांचे म्हणणे मला मान्य आहे आणि ज्याचे चित्रण दिवेलागणीपाशी आटोपते त्याला मीही हीच जोडी सुचवीन. ती सुचवण्यापूर्वी दिवेलागणीनंतर त्याचे काय बेत असतात, एवढे मात्र त्याला कोणीतरी विचारायला हवे होते, आणि परवाच्या बैठकीत ते कोणीही विचारले नाही.